एअर पिस्तूल: छर्रे सारखे डावीकडे खाली लागतात, साइटचा स्क्रू फिरवावा का?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. उन्हाळी शिबिराला म्हणून गेली आणि नेमबाजीत रमली ती रमलीच. १० मीटर एअर पिस्तूल. पिस्तूल क्लबचं, कारण स्वतःचं घेण्याची घाईही नाही आणि तेवढे पैसेही नाहीत.

तर प्रश्न असा. तिचे छर्रे मध्याच्या डावीकडे आणि जरा खाली लागतात. घड्याळात सात वाजतात, त्या बाजूला. सर मुलांना घेऊन स्पर्धेसाठी बाहेरगावी गेलेत, इतक्यात येत नाहीत. मागच्या साइटला (जिच्या खाचेतून नळीच्या टोकावरची पुढची साइट बघून नेम धरतात) दोन बारीक स्क्रू आहेत, एक वरच्या अंगाला आणि एक बाजूला. तिथला एक मोठा मुलगा म्हणाला, "काका, फिरवा की, दोन क्लिकचं काम." दुसरा म्हणाला, "हात लावू नका, सर फाडून खातील." मला यातलं ओ की ठो कळत नाही. फिरवावा का? आणि फिरवायचाच तर कुठल्या बाजूला?

तर्री_जास्त
टार्गेटचं कार्डच थोडं डावीकडे सरकवून लावा. सगळे छर्रे मधोमध. (ह. घ्या.)

सातपूरचा_फिटर
@तर्री_जास्त, मग ती नेमही डावीकडेच धरेल ना राव.

एकेकाळची_कॅडेट
एनसीसीत आम्हाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतली होती: आधी ग्रुपिंग, मग झीरोइंग. छर्रे एकमेकांजवळ पडतायत का हे आधी बघा. कुठे पडतायत ते नंतर. दहा छर्रे एका घट्ट गोल झुबक्यात असतील आणि तो झुबका नुसता बाजूला असेल, तर साइटचं काम आहे. काही दहात, काही आठात, एखादा पार सहात आणि सगळ्यांची शेपटी सातच्या दिशेला ओढलेली असेल, तर ते बोटाचं काम आहे. तिथे स्क्रू फिरवून काही होणार नाही. फिरवलात तर चांगले सुटलेले छर्रे उजवीकडे जायला लागतील आणि पोरगी आणखी गोंधळेल.

फोटो टाका कार्डचा.

शिस्तप्रिय
फोटो वगैरे नंतर. पिस्तूल क्लबचं आहे, स्क्रूला हात लावायचा अधिकार सरांचा. पालकांनी रेंजवर खुर्चीत बसावं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला "चुकलं की स्क्रू फिरव" ही सवय लागली तर ती आयुष्यात ट्रिगर शिकणार नाही. डावीकडे खाली म्हणजे उजव्या हाताच्या नवशिक्याने चाप खेचलेला, हे शेंबडं पोरही सांगेल.

डावखुरा_दादा
तो गोल तक्ता सगळ्यांनी पाहिलाय का? केकसारखे तुकडे पाडलेला, प्रत्येक तुकड्यावर एक चूक लिहिलेली. मी तो प्रिंट काढून कपाटाच्या आत चिकटवला होता आणि त्याप्रमाणे हात सुधारत बसलो होतो. मग कोणीतरी सांगितलं की तो उजव्या हाताने, एकहाती मारणाऱ्यांसाठी आहे. डावऱ्यांनी आरशात बघायचा.

चष्मिस_आत्या
त्या तक्त्यावरून मला एकाच सिरीजमध्ये पाच आजार निघाले होते :)

सातपूरचा_फिटर
शिस्तप्रिय साहेबांचा मान राखून सांगतो, स्क्रू हा फिरवण्यासाठीच दिलेला असतो. नाहीतर कंपनीने वेल्डिंग करून पाठवला असता. मी नेमबाज नाही, पण क्लबची दोन पिस्तुलं दुरुस्त केली आहेत आणि लेथवर आयुष्य गेलंय, म्हणून मेकॅनिकल बाजू सांगतो.

मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे ३० पट झालं. मागची साइट १ मिलिमीटर सरकली की छर्रा टार्गेटवर ३ सेंटिमीटर सरकतो. साइट नुसती ०.१ मिमी हलली तरी कार्डवर ३ मिमी. दहाची रिंग ११.५ मिमी व्यासाची, आणि तिथून पुढे प्रत्येक रिंग ८ मिमीने लांब. आता बघा, किती बारीक खेळ आहे तो.

दिशा: मागची साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवायची. छर्रे डावीकडे जातायत तर मागची साइट उजवीकडे. खाली जातायत तर मागची साइट वर. (पुढची साइट सरकवत असाल तर बरोबर उलट, पण एअर पिस्तुलात सहसा मागचीच सरकवतात.) स्क्रूवरच्या अक्षरांनी फसू नका. जर्मन-ऑस्ट्रियन पिस्तुलांवर पुष्कळदा एच, टी, आर, एल (वर, खाली, उजवीकडे, डावीकडे यांची जर्मन आद्याक्षरं) असतं आणि त्याचा अर्थ "छर्रा वर लागतोय तर एचकडे फिरवा" असा, म्हणजे फिरवल्यावर तो खाली येतो. इंग्रजीत "अप" लिहिलेलं असेल तर उलट, तिकडे फिरवलं की छर्रा वर जातो. दोन पिस्तुलं शेजारी ठेवून मी स्वतः माणसांना भांडताना पाहिलंय.

अक्षरांपेक्षा सोपं: पाच छर्रे मारा, दहा क्लिक फिरवा, त्याच जागी नेम धरून परत पाच मारा, पट्टीने मोजा. तुमच्या पिस्तुलाची एक क्लिक किती मिलिमीटर ते समजलं. एकदाच करायचं आणि वहीत लिहून ठेवायचं.

आणि बॅकलॅश! स्क्रूला प्ले (ढिलेपणा) असतोच, जुन्या पिस्तुलाला तर जास्त. उलट दिशेने यायचं असेल तर दोन क्लिक पुढे जाऊन मग मागे या. शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने झाली पाहिजे. लेथच्या क्रॉस स्लाइडचा नियम तोच इथे.

हे सगळं पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग आत, नळी टार्गेटकडे ठेवूनच करायचं, हे सांगायची गरज पडू नये.

देवळालीचा_गनर
फिटर भाऊ, दहा क्लिकची आयडिया आवडली. आमच्या तोफखान्यात हेच. ऑब्झर्व्हर पहिला गोळा कुठे पडला ते बघून भीत भीत दहा-दहा मीटर सरकवत नाही. टार्गेट दोन गोळ्यांच्या मध्ये पकडायचं, एक अलीकडे एक पलीकडे, मग अर्धं, मग त्याचं अर्धं. ब्रॅकेट म्हणतात त्याला. एक क्लिक, परत एक क्लिक करणाऱ्याला दिवस पुरत नाही.

एकेकाळची_कॅडेट
गनर काका, दंडवत. पण तोफ जमिनीत रोवलेली असते. मुलीचा हात नाही. एका छर्‍यावरून क्लिक केली तर तुम्ही पिस्तूल नाही, तिचा श्वास दुरुस्त करताय. निदान पाच छर्‍यांचा मध्य काढा, मग ब्रॅकेट करा.

देवळालीचा_गनर
मान्य. तोफेचाही पहिला गोळा थंड नळीतून जातो तेव्हा थोडा कमीच पडतो.

कोल्हापूरचा_पाव्हणा
नाशिककरांनी नेमबाजीच्या गप्पा माराव्यात? राही सरनोबत आमची (२०१८ ची एशियाड, २५ मीटर पिस्तूल, सुवर्ण), तेजस्विनी सावंत आमची, स्वप्निल कुसाळे आमचा. तुमच्याकडे मिसळ आहे, ती खावा.

तर्री_जास्त
आलं का, आलं का! आणि मिसळ तुमचीच चांगली असं म्हणायला आलात ना खरं?

कॉलेजरोडवाली
पाव्हणं, स्वप्निलच्या नेमबाजीचे सुरुवातीचे दिवस नाशकातल्या क्रीडा प्रबोधिनीतले आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. आणि १९३७ पासून भोसला मिलिटरी स्कूल आहे इथे. जन्म तुमच्याकडे, तालीम आमच्याकडे. वाटून घेऊ.

कोल्हापूरचा_पाव्हणा
घ्या वाटून. पांढरा रस्सा मात्र मिळायचा नाही.

सिडकोचा_सोन्या
विषय निघालाच आहे तर, बाल्कनीत पारवे फार झालेत. एअर पिस्तूल परवान्याशिवाय मिळतं म्हणतात, एखादं घेऊन ठेवावं का?

शिस्तप्रिय
नको. जाळी लावा.

रेंजवरची_ताई
सोन्या, ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही हे खरं, पण ते रेंजवर कागदावर मारण्यासाठी आहे. सिडकोतल्या दोन गॅलऱ्यांमधलं अंतर किती ते बघा. छर्रा ग्रिलवर आपटून कुठेही जातो. जाळीच लावा.

मूळ प्रश्नावर नंतर सविस्तर लिहिते, आत्ता बॅच सुरू आहे. गंगापूररोडकर, तोवर एवढं कळवा: मुलगी उजवी की डावी, चष्मा आहे का, आणि चाप दाबताना बोटाचा कुठला भाग चापावर येतो?

चष्मिस_आत्या
डोळ्यांवरून आठवलं. मी पन्नाशीत हा खेळ सुरू केला. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून बघायचे आणि रोज छर्रे वेगळीकडे. कारण मान जरा वर-खाली झाली की काचेचा नंबर बदलतो! शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे पिस्तुलाएवढ्या लांबीची पट्टी घेऊन गेले आणि सांगितलं, मला इथलं स्पष्ट दिसायला हवं, लांबचं नाही. त्यांनी लांबच्या नंबरात थोडा प्लस वाढवून एकाच नंबरचा चष्मा दिला. पुढची साइट कोरून काढल्यासारखी दिसली पाहिजे. टार्गेटचा काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे. लहान मुलांचं उलटं होतं, त्यांना सगळंच स्पष्ट दिसतं म्हणून ती टार्गेटकडे बघत बसतात आणि साइट कुठे गेली त्याचा पत्ता नसतो.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. उत्तरं देतो.

कार्डवर झुबका गोलच आहे, शेपटी नाही. एक रुपयाच्या नाण्याखाली जवळजवळ सगळे छर्रे झाकले जातात, एखाददुसरा बाहेर. मध्य आठच्या रिंगमध्ये, सातच्या दिशेला. मुलगी उजवी, चष्मा नाही. बोटाचं टोक, अगदी नखाखालचं, चापाला लागतं. त्याहून आत पोचतच नाही म्हणाली.

आणखी एक. काल त्याच पिस्तुलाने, साइट न हलवता, मोठ्या बॅचमधल्या मुलाने पाच मारले. सगळे नऊ-दहात!

शिस्तप्रिय
झालं की मग. पिस्तूल सरळ आहे, मुलगी चुकतेय. धागा बंद करा.

सातपूरचा_फिटर
अहो असं कसं! तो मुलगा म्हणजे काय गेज ब्लॉक (मापं ताडून बघायचा ठोकळा) आहे का? त्याचा डोळा, त्याची उंची, त्याचा नेम धरायचा बिंदू, सगळं वेगळं. तो काळ्या गोलाच्या बुडाला टेकवत असेल, ती खाली पांढऱ्यात जागा सोडत असेल. तेवढ्यानेच उंचीत फरक पडला. साइट माणसागणिक लावायची असते.

एकेकाळची_कॅडेट
इथे फिटरांशी सहमत. झुबका एवढा घट्ट असेल तर "चुकतेय" म्हणवत नाही. एक प्रयोग करून बघा, फुकट आहे. तिला प्रत्येक छर्‍यानंतर, स्क्रीनकडे किंवा दुर्बिणीकडे न बघता, कुठे गेला ते सांगायला सांगा. ती "आठ, डावीकडे" म्हणाली आणि तिथेच निघाला, तर तिला कळतंय की हात हलला. ती छातीठोकपणे "दहा" म्हणाली आणि आठ निघाला, पुन्हा पुन्हा निघाला, तर नेम आणि छर्रा यांची फारकत झाली आहे.

रेंजवरची_ताई
आता निवांत लिहिते. वरच्या दोन ओळींत उत्तर आलेलंच आहे: बोटाचं टोकच पोचतं, आणि मोठ्या मुलाचे मधे लागतात. मी पैजेवर सांगते, मूठ मोठ्या मापाची आहे. लाकडी ग्रिपच्या बुडाशी किंवा आतल्या बाजूला एस, एम, एल असं काहीतरी कोरलेलं असेल, बघा.

मोठ्या मुठीत लहान हात गेला की दोन गोष्टी होतात. एक, चाप टोकाने दाबला जातो आणि टोक सरळ मागे येत नाही, ते डावीकडे ढकलतं (उजव्या हाताच्या मुलांचं, दादांनी आरसा घ्यावा). दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. हात वर आला की पुढची साइट खाचेच्या मधोमध येण्याऐवजी डावीकडे झुकलेली येते. मूल हुशार असतं, ते मनगट वळवून मधोमध आणतं, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा करतं आणि चाप दाबायला घेतं. दाबताना लक्ष बोटाकडे जातं, मनगट सैल पडतं, साइट आपल्या मूळ जागी परत. दर वेळी तेवढीच. म्हणून झुबका घट्ट आणि बाजूला! बघणाऱ्याला वाटतं साइट बिघडली.

तपासायचं असं. तिला उभं राहून हात वर करू द्या, डोळे मिटून. मग उघडायचे. पुढची साइट खाचेत कुठे आहे? डावीकडे असेल तर दोष मुठीत आहे. साइट मधोमध पण आख्खं पिस्तूलच शेजारच्या कार्डाकडे बघतंय, तर पाय सरकवायचे, मनगट नाही. हे छर्रा न भरता, ड्राय फायरवर, घरच्या कोऱ्या भिंतीसमोरसुद्धा होतं (पिस्तूल घरी न्यायची परवानगी असेल तर). कोरी भिंत यासाठी की काळा गोल नसला की डोळा आपोआप साइटवर राहतो.

उपाय: लहान मूठ असेल तर ती बसवा. नसेल तर चाप मागे घेता येतो, बहुतेक मॅच पिस्तुलात तो छोट्या रुळावर एका ॲलन स्क्रूने बसवलेला असतो. पहिल्या पेराची गादी चापावर आली पाहिजे. चापाचं वजन (चाप सुटायला लागणारा जोर) मात्र ५०० ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, स्पर्धेच्या आधी वजन टांगून तपासतात.

एवढं करून झुबका जिथे येईल तिथून साइट लावा. शिस्तप्रिय काका, मूठ लावल्यावरही साइट लावायची नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या स्पर्धेत सायटरच्या (आधीच्या सरावाच्या छर्‍यांच्या) १५ मिनिटांत भलेभले क्लिक करतात. दिवे बदलले, रेंज बदलली, तर छर्रे सरकणारच. जो क्लिक करायला घाबरतो तो मग नेम बाजूला धरून मारतो, आणि ते जास्त वाईट. साठ छर्रे बाजूला नेम धरून कोण मारू शकतं?

शिस्तप्रिय
मुठीचा मुद्दा पटला. स्क्रूचा सरांच्या गैरहजेरीत नाही पटला.

नवखा_नेमबाज
उजेडावरून विचारतो. आमची रेंज पत्र्याच्या शेडमध्ये, पूर्वेकडून उघडी. हिवाळ्यात सकाळी ऊन थेट साइटच्या एका बाजूवर येतं. तेव्हा आणि दुपारी माझे छर्रे वेगळे लागतात. भास आहे का?

चष्मिस_आत्या
भास नाही. साइटच्या एका कडेवर ऊन चमकलं की ती कड डोळ्याला खरी वाटत नाही, माणूस दुसऱ्याच कडेवरून मध्य काढतो. पडदा लावा, नाहीतर उभं राहायची जागा बदला. आमच्याकडे मेणबत्तीची काजळी धरायचे साइटवर, आता मॅट काळा स्प्रे मिळतो.

सातपूरचा_फिटर
पिस्तुलाच्या सिलिंडरमधल्या हवेचा दाबही बघत जा. सिलिंडर २०० बारला भरलेला असताना आणि काटा पार खाली आल्यावर छर्रा सारखाच जाईल ही अपेक्षा करू नका. तळाला आला की छर्रे खाली उतरतात. पुष्कळ जण तेव्हा साइट वर करतात आणि सिलिंडर भरल्यावर डोकं धरून बसतात.

डावखुरा_दादा
मनू भाकरचं टोकियोत पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं होतं, आठवतंय? आणि पॅरिसला २०२४ मध्ये त्याच १० मीटरमध्ये कांस्य. आपण मात्र दोन क्लिकवर ४० प्रतिसाद पाडतोय :))

तर्री_जास्त
अजून ४० झाले नाहीत. मी मदत करतो. +१

गंगापूररोडकर
अपडेट. ताई, पैज जिंकलात. मुठीवर एल कोरलेलं निघालं. सरांना फोन लावला, त्यांनी कपाटात एसची मूठ आहे म्हणून सांगितलं आणि तिथल्या मोठ्या मुलाकरवी बसवून घेतली. चापही थोडा मागे घेतला. डोळे मिटून हात वर करायचा प्रयोग आधी आणि नंतर केला, आधी साइट डावीकडे येत होती, आता मधोमध येते. तिचं तिलाच हसू आलं.

झुबका उजवीकडे सरकला, नऊच्या आत आला. अजून बारीकसा खाली आहे. सर म्हणाले, काळ्याच्या खाली किती पांढरं सोडतेस ते ठरव, रोज तेवढंच सोड, मग उंचीच्या क्लिक मी फोनवर सांगतो. शिस्तप्रिय काका, म्हणजे परवानगीने.

आता नवी अडचण. दुपारच्या बॅचचा एक मुलगा हेच पिस्तूल वापरतो आणि तो साइट स्वतःप्रमाणे फिरवून ठेवतो असं कळलं. हिने वहीत काय लिहायचं?

रेंजवरची_ताई
मूठ त्याचीही तीच असणार नाही, म्हणजे रोज काढघाल. दोघांची वेगवेगळी पिस्तुलं ठरवून द्या असं सरांना सांगा. क्लबमध्ये एकच असेल तर साइटची मूळ जागा दोघांनी एकच धरायची आणि तिथून "उजवीकडे तीन, वर चार" असं आपापल्या वहीत.

सातपूरचा_फिटर
मूळ जागा शोधायला स्क्रू टोकापर्यंत पिळू नका, जाम होतो. साइट सरकते त्या सांध्यावर, हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या भागावर मिळून एक आडवी रेघ मारा, नेलपॉलिशची चालते. आम्ही मशीनच्या बोल्टवर तेच करतो, हलला की लगेच दिसतं. मात्र रेघ बाहेरच्या बाजूला, खाचेच्या कडेला अजिबात नको, नाहीतर आत्या म्हणतात तशी चमकेल.

गंगापूररोडकर
नेलपॉलिश घरात मुबलक आहे. चापाच्या स्क्रूला लागतो तो बारीक ॲलन की मात्र मोठ्या मुलाकडून उसना आणावा लागतोय. नाशकात सुटा कुठे मिळेल? हार्डवेअरवाले आख्खा सेट गळ्यात मारतात आणि त्यात नेमका बारीक नसतो.

सातपूरचा_फिटर
आधी माप बघून घ्या, दीडचा आहे की दोनचा. अर्ध्या मिलिमीटरने चुकलात तर स्क्रूचं डोकं गोल होईल आणि मग तो माझ्याकडेच येईल. माप कळवा, आयटीआय सिग्नलपाशी भेटलात तर देतो एक.

शिस्तप्रिय
सरांना विचारून.